मदत हवी आहे: लिनक्सवर डायल-अप (फोनच्या लाइनवरून इंटरनेट) जोडला जातो, लॉगिन मात्र होत नाही

मंडळी, चार रात्री डोकं आपटून झालं, आता तुम्हाला शरण. मशीनवर रेड हॅट ९ (लिनक्सची एक आवृत्ती) आहे. आतला मोडेम (कॉम्प्युटरला फोन लाइनशी जोडणारं यंत्र) विनमोडेम निघाला (त्याचं निम्मं काम विंडोजच करतं, त्यामुळे लिनक्स त्याला ओळखच देत नाही), म्हणून लॅमिंग्टन रोडवरून सिरियल पोर्टला लागणारा ५६के मोडेम आणला. तो टीटीवायएस० (लिनक्समधलं पहिल्या सिरियल पोर्टचं नाव) वर नीट सापडतो. टोन येतो, नंबर फिरतो, किंचाळून झालं की ‘कनेक्ट ४५३३३’ (जोडणीचा वेग, बिट प्रति सेकंद) दिसतं. दोन-तीन सेकंदांत ‘पॅप ऑथेंटिकेशन फेल्ड’ (नाव-पासवर्डची तपासणी फसली), आणि फोन खाली.

विंडोजमध्ये त्याच लाइनवर, त्याच नाव-पासवर्डने पहिल्या फटक्यात लागतं. म्हणजे खात्याला काही झालेलं नाही.

डब्ल्यूव्हीडायल (सगळं आपोआप जुळवणारा प्रोग्राम) न वापरता पीपीपीडी (जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) आणि चॅट (नंबर फिरवणारा) यांच्या फाइली स्वतः लिहिल्यात, शिकायची हौस! पॅप-सीक्रेट्स या पासवर्डच्या फाइलमध्ये पहिल्या दोन रकान्यांत (खात्याचं नाव, सर्व्हरचं नाव) स्टार, म्हणजे ‘कोणतंही चालेल’, तिसऱ्यात पासवर्ड, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते). नोऑथ (समोरच्याकडून ओळख मागू नको) आणि डिफॉल्टरूट (सगळी रहदारी याच जोडणीतून) हे पर्यायही दिलेत. दर प्रयत्नाला एक कॉल पडतो, वर आईचं ‘फोन मोकळा कर, मावशीचा यायचाय’ चालूच असतं.

प्रतिसाद १: लाइनला खरखर असेल. मोडेमचा वेग कमी करून बघा.

धागाकर्ता: मग विंडोजमध्येही अडला असता ना?

प्रतिसाद २: वेगाला हात लावू नका. पीपीपीडीला डीबग (तपशील दाखव) आणि नोडिटॅच (पडद्यामागे जाऊ नको) हे पर्याय द्या, सर्व्हरशी होणारं बोलणं स्क्रीनवरच दिसेल. ‘पॅप ऑथरिक्वेस्ट’ची (नाव-पासवर्ड पाठवल्याची) ओळ इथे टाका. पासवर्ड तो आपणहून लपवतो, काळजी नको.

धागाकर्ता: यूजर म्हणून ‘लोकलहोस्ट.लोकलडोमेन’ जातंय! हे पाहुणे कोण?

प्रतिसाद २: तुमचंच मशीन. यूजर सांगितलाच नाही, तर पीपीपीडी होस्टनेम (मशीनचं नाव) पुढे करतो. एरवी त्या नावाचा पासवर्ड सापडला नसता, पण पहिल्या रकान्यातला स्टार कुणालाही चालतो, म्हणून तुमचा पासवर्ड भलत्याच नावाने गेला. पर्यायांत ‘यूजर’ लिहून पुढे खात्याचं नाव द्या, आणि सीक्रेट्समध्येही पहिल्या स्टारच्या जागी तेच. स्पेलिंग, लहान-मोठी अक्षरं हुबेहूब.

धागाकर्ता: लागलं!! आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळाला, पिंगही (पलीकडून उत्तर येतं का ही चाचणी) गेलं. पहिलं पान अर्धं उतरलं आणि आईने आतल्या खोलीतला, त्याच लाइनवरचा फोन उचलला.