जुन्या डेस्कटॉपला रॅम वाढवायचीय, आणलेली स्लॉटमध्ये बसतच नाही

देवगडची_ताई
नमस्कार मंडळी. देवगडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. डेस्कटॉप जुना, इंटेलचा आय३ ४१३० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, रॅम ४ जीबी. एरवी कसंतरी निभावतं, पण फळपीक विम्याचे फॉर्म सुरू झाले की समोर आठ-दहा बागायतदार उभे, क्रोममध्ये चार टॅब, मागे फोटोशॉप उघडं आणि मशीन जे गप्प बसतं ते बसतंच, तेवढ्यात पोर्टलचं सेशन संपतं आणि माणसाला परत पहिल्यापासून ओटीपी विचारावा लागतो. लोकं लांबून रिक्षा करून आलेली असतात, फार वाईट वाटतं.
म्हणून ८ जीबीची रॅम आणली. दुकानदार म्हणाला डेस्कटॉपचीच आहे, बसेल. लावायला गेले तर एक बाजू खाली गेली की दुसरी वर. स्टिकरवर पीसी४ लिहिलंय. जोर लावू का? की मुळातच चुकीची आलीय? घेताना काय बघायचं ते नीट सांगा, परत पैसे घालवायचे नाहीत.

कुडाळ_हार्डवेअर
ताई, अजिबात जोर लावू नका, स्लॉट फुटला तर बोर्डच गेला. पीसी४ म्हणजे डीडीआर४, आणि तुमच्या बोर्डाला लागते डीडीआर३. दोन्ही पट्ट्या हातात घेऊन खालची सोनेरी कड शेजारी शेजारी धरा, मधली खाच वेगळ्या जागी दिसेल. ती खाच मुद्दाम तशी दिलेली असते, चुकीची रॅम बसूच नये म्हणून. पिनासुद्धा वेगळ्या, डीडीआर३ ला २४० आणि डीडीआर४ ला २८८, व्होल्टेजपण एकीचं १.५ आणि दुसरीचं १.२. कुठली रॅम लागणार ते बोर्ड आणि प्रोसेसर ठरवतात, त्यात आपल्या आवडीला जागाच नाही.
जुनी पट्टी काढून तिच्या स्टिकरचा फोटो काढा. पीसी३-१२८०० असेल तर ती १६०० स्पीडची, तीच मागा. पीसी३एल असेल तर ती कमी व्होल्टेजवाली, तुमच्या मशीनला तीही चालते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती नको. अजून एक, ऑनलाईन फार स्वस्त दिसणाऱ्या ८ जीबीच्या पट्ट्यांवर कुठेतरी बारीक अक्षरात फक्त एएमडीसाठी (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी, तुमचा इंटेलचा) असं असतं, आणि सर्व्हरमधून काढलेल्या रॅमच्या नंबरामागे आर असतो, पीसी३-१२८००आर असा. ह्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्या स्लॉटमध्ये मस्त बसतात आणि मशीन चालूच होत नाही, माझ्याकडे अशा पट्ट्या घेऊन माणसं येतात तेव्हा काय सांगावं कळत नाही.

खाडीकाठ
ताय, दुकानदाराक आधी फोटो धाड, मगेच जा. माझ्याकडे एच८१ च आहे. दोन स्लॉट, जास्तीत जास्त १६ जीबी. जुनी ४ तशीच ठेवून ८ टाकली तरी चालतं, ४-४ चा भाग जोडीने चालतो आणि उरलेली एकेरी. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर स्क्रीनसुद्धा ह्याच रॅममधून खाते, त्यामुळे जोडी असलेली बरी.

गुहागर_किनारा
एक गोष्ट कोणी विचारली नाही. विंडोज ३२-बिट आहे की ६४? धिस पीसीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. ३२-बिट असेल तर ४ च्या वरची रॅम घालून काहीच उपयोग नाही, विंडोज ती वापरणारच नाही.
आणि आपल्याकडची खारी हवा. माझं दुकान समुद्रापासून दोनशे पावलांवर आहे, दर पावसाळ्यानंतर रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट होतात आणि एखाद्या सकाळी मशीन नुसतं बीप बीप करत बसतं, रॅम मेली म्हणून नवी घेतात लोकं. आधी प्लग काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग पांढऱ्या खोडरबराने कड हलक्या हाताने पुसा, चुरा मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, ओल जाते.
हार्डडिस्क जुनीच असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, तीपण मनात ठेवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि तुमच्या चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, म्हणून ह्या मशीनवर फार मोठा खर्च मी तरी करणार नाही. ८ ची एक पट्टी, एसएसडी, बास.

देवगडची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो घेऊन गेले, दुकानदाराने पट्टी बदलून दिली. नवी टक्कन बसली, दोन्ही बाजूचे चाप आपोआप लागले. पण गुहागरवाल्यांनी म्हटलं तेच निघालं, ३२-बिट! १२ पैकी जेमतेम साडेतीन वापरतंय. आणि सीपीयू-झेडमध्ये (मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) रॅमचा स्पीड ८०० दाखवतोय, १६०० ची म्हणून घेतली ना?

कुडाळ_हार्डवेअर
८०० बरोबर आहे ताई, सीपीयू-झेड अर्धाच आकडा दाखवतं, दुप्पट करून वाचायचं. ६४-बिट टाकायचं तर वरून अपडेट होत नाही, नव्याने टाकावं लागेल, जुनं लायसन्स चालतं. त्याआधी फॉर्मच्या पावत्या, स्कॅन केलेले सातबारे, सगळं पेनड्राइव्हवर घ्या. आणि प्रिंटरचा ६४-बिटचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक समोर असताना तोच अडेल.

देवगडची_ताई
रविवारी दुकान बंद असतं, भाचा कणकवलीहून येतोय, तेव्हाच करते. ड्रायव्हर आताच उतरवायला लावलाय.