बाळंतपणाचा धसका घेतलेल्या बाईला पहिल्या महिन्यात बोलतं करावं का?

टाचणी:
बाळंतिणींच्या घरभेटींचं काम आहे. ऐनवेळी केलेलं सिझेरियन, चिमटा लावून झालेली प्रसूती, खूप रक्तस्राव अशा केसेसमध्ये दुसऱ्या आठवड्यात गेलं की घरचे म्हणतात, "तिला एकदा सगळं बोलू द्या, मोकळी होईल." नैराश्य चाचपणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीत गुण ७-८ येतात, म्हणजे नैराश्य दिसत नाही. पण बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही, रात्रभर बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास बघते, टाके दाखवायला जायचं काढलं की विषय बदलते. सगळा प्रसंग वदवून घ्यावा का? पुढे केव्हा आणि कुणाकडे पाठवायचं?

सांजवात:
वदवून घेऊ नका. आपणहून बोलली तर ऐका, पण "मग काय झालं, तेव्हा काय वाटलं" असं खणत जाऊ नका. एकाच बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा जगायला लावण्याची पद्धत एके काळी होती. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेच्या सूचना बाळंतिणींसाठी ती नकोच म्हणतात. भीती शिगेला पोचते आणि ती उतरायच्या आत बैठक संपते, हा त्यातला धोका.

एडिनबराचा दोष नाही, ती बनलीच नैराश्यासाठी. १० प्रश्न, ३० गुण, मागच्या ७ दिवसांची मनःस्थिती. घाबरण्याबद्दल विचारते, पण प्रसंग डोळ्यांपुढे येणं किंवा आठवणी टाळणं याबद्दल एकही प्रश्न नाही. ते तोंडी विचारा: प्रसूतीची स्वप्नं पडतात का, कुठल्या आवाजाने किंवा वासाने दचकायला होतं का, कुठे जाणं किंवा कुणाशी बोलणं टाळावंसं वाटतं का, "माझंच चुकलं" हा विचार हटत नाही का.

बोलताना तिच्या क्रियापदांकडे कान ठेवा. "मला टेबलावर घेतलं" म्हणणारी बाई मध्येच "आता ते मला घट्ट धरतायत" म्हणू लागली, की ती आठवत नाहीये, तिथे पोचली आहे. तिथेच थांबवा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या ५ वस्तूंची नावं घ्यायला लावा आणि विचारा, "आज बाळ किती दिवसांचं झालं?" हा प्रश्न तिला आजच्या तारखेला परत आणतो. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला मात्र लावू नका. मिटल्या डोळ्यांपुढे अनेकींना तीच खोली दिसते.

पहिल्या महिन्यात याला तीव्र ताणाची प्रतिक्रिया म्हणतात. बऱ्याच जणींची ती आपोआप ओसरते. महिना उलटूनही त्रास टिकला, तर पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासाची, तपासणी हवी. उपचार म्हणजे आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा बोलण्याचा उपचार), साधारण ८ ते १२ बैठका, किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणीवर काम करण्याची पद्धत). नुसतं "समुपदेशन करा" असं चिठ्ठीवर लिहू नका. आघातावर काम करणाऱ्या माणसाकडेच पाठवा. बैठका चालू असतानाही स्तनपान देता येतं, हे आधीच सांगून टाका. नाहीतर त्याच भीतीने जायचं टळतं.

कातरवेळ:
प्रसूती विभागाच्या बाजूने. प्रसंग उकरणं वेगळं आणि माहिती देणं वेगळं. भूल, रक्तस्राव, घाई यांमुळे तिच्या आठवणीत भोकं पडलेली असतात आणि ती भोकं ती सर्वांत वाईट अंदाजाने भरते. "बाळ रडलंच नाही" असं तिला वाटतं; नोंदीत असतं की बाळ शेजारच्या खोलीत होतं. केसपेपरची प्रत मागवून, तिची तयारी असेल तेव्हा, एका रकान्यात तिला आठवतं ते आणि दुसऱ्यात नोंदीतली वेळ, असं मांडून दाखवा. घाई नको, काही महिन्यांनी केलं तरी चालतं.

दोन रक्ततपासण्या विसरू नका: हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज आली तर धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असंच दिसतं आणि सगळं "टेन्शन" म्हणून खपून जातं.

टाके तपासताना तिने हात वर केला की थांबायचं, हे आधी ठरवा आणि खरोखर थांबा. एकदा जरी "झालंच, दोन मिनिटं" म्हणून पुढे रेटलं, तर पुढची तपासणी ती टाळणारच.

टाचणी:
घरच्यांना काय सांगायचं?

सांजवात:
पहिलं, "बाळ सुखरूप आहे ना, मग झालं" हे वाक्य बंद. ते ऐकलं की ती बोलायचीच थांबते.

दुसरं, झोप. सलग ४-५ तास तिला मिळतील अशी पाळी लावा. बाळाकडे बघणाऱ्याने जागं राहायचं आणि ते तिला ठाऊक असायला हवं, नाहीतर ती दर १० मिनिटांनी उठून बघते. नवऱ्यालाही वेगळं गाठून विचारा. खोलीत तो होता, तर त्यानेही ते पाहिलं आहे.

तिसरं, महिनाभर थांबण्याचा नियम कुठे लागू नाही ते. एडिनबराच्या दहाव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर तिथेच बसून सविस्तर विचारा. एकूण गुण ७ असले तरी. आणि दोन-तीन रात्री न झोपताही बाई ताजीतवानी वाटते, भराभर बोलते, बाळाबद्दल किंवा घरच्यांबद्दल विचित्र खात्रीने काही सांगते, तर तो धसका नाही. प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा गंभीर मानसिक आजार, असू शकतो. हजारात १-२ जणींना होतो, बहुधा पहिल्या २ आठवड्यांत. बाळाजवळ एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या.