प्रति: पाळकांना प्रश्न विचारावा का?

"पाळक चुकले तरी मंडळीने गप्प राहावं, इब्री १३:१७ तेच सांगतं," हे या चर्चेतलं म्हणणं मला अजिबात पटत नाही. बायबलमधलं हे वचन मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, पुढाऱ्यांच्या (पाळकांच्या) आज्ञेत राहायला सांगतं, हे खरं; पण पुढाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे, हेही त्याच वचनात आहे.

बायबलमधलंच योहानाचं तिसरं पत्र वाचा, जेमतेम पानभर आहे. त्यात एका मंडळीतल्या दियत्रफेस नावाच्या माणसाला पहिलेपणाची हौस; बाहेरून आलेल्या बंधूंना तो स्वीकारत नाही आणि जे स्वीकारतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. योहान हे झाकत नाही, नाव घेऊन लिहितो. आमच्याकडे वार्षिक सभेत एका मावशींनी दानाचा हिशेब विचारला, तर त्यांच्या घरची बुधवारची प्रार्थना बंद झाली. आजारपणातही कुणी फिरकलं नाही. अशा वेळी आज्ञापालनाची वचनं मावशींना नाही, पुढाऱ्यांना ऐकवायला हवीत.