ओसू: हातात ताल असून अ‍ॅक्युरसी 90 च्या वर जातच नाही

पालखीवाला_गुहागर
इथे ओसू कोण खेळतं का? तोच तो, 2007 पासूनचा फुकट गेम, गाणं चालू असतं, स्क्रीनवर गोल येतात, बाहेरचं रिंगण आकसत येऊन गोलावर बसलं की तालात दाबायचं. सहा महिने झाले, रोज रात्री जेवण झालं की तासभर तरी खेळतोच. 3 स्टारपर्यंतचे मॅप (म्हणजे एकेका गाण्यावर मांडलेले गोल, स्टार जास्त तितकं अवघड) होतात पण अ‍ॅक्युरसी, म्हणजे किती नेमकं दाबलं त्याचे टक्के, 88, फार तर 90, आणि 4 स्टारला हात लावला की अर्ध्या गाण्यात मेलो. राग कशाचा येतो माहितीये, मी शिमग्याला पालखीपुढे ढोल वाजवतो, शाळेत असल्यापासून, गावात कोणी म्हणणार नाही की हा ताल सोडतो. मग इथे काय होतं? खालचा तो एरर बार असतो ना, किती लवकर-उशिरा दाबलं ते दाखवणारी पट्टी, त्यावरच्या रेघा सगळ्या उजवीकडे पडतात. लॅपटॉप जुना आहे, माऊस साधा, इअरफोन ब्लूटूथ (वायरवाले होते, पिन गंजली, आमच्याकडे खाऱ्या हवेने काय टिकतं). माऊसऐवजी पेनाचा टॅब्लेट घेऊ का? वॅकॉमचा छोटा बघून ठेवलाय पण घरी काय सांगू कशाला पाहिजे म्हणून.

ऑफसेट_भाऊ
टॅब्लेट नको घेऊस आत्ता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच कंसात लिहिलंयस.

उजवीकडे रेघा म्हणजे तू उशिरा दाबतोयस. आणि उशिरा दाबतोयस कारण तुला ऐकूच उशिरा येतंय. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळून पाठवतात, तिकडे परत उलगडतात, त्यात 150-200 मिलिसेकंद सहज जातात. तुला ढोलाच्या भाषेत सांगतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 200 मिलिसेकंद उशीर म्हणजे ढोल तुझ्यापासून जवळजवळ 70 मीटर लांब वाजतोय, आणि तू त्या आवाजावर नाचायला बघतोयस. पालखी एका वाडीत, ढोल दुसऱ्या वाडीत.

आता गेम किती सूट देतो ते बघ. ओडी म्हणजे मॅप वेळेला किती कडक आहे तो आकडा, ओडी 5 असेल तर 300, म्हणजे एका गोलाचे पूर्ण गुण, मिळायला बीटच्या अलीकडे-पलीकडे 50 मिलिसेकंद, ओडी 8 ला 32 च. त्या बाहेर गेलास की 100, आणि 100 ला अ‍ॅक्युरसी फक्त एक तृतीयांश धरतात. शंभर गोलांत एकही न चुकवता पंधरा वेळा 100 आला तरी 90 टक्केच होतात. म्हणजे तू चुकत नाहीयेस, उशिरा पोचतोयस.

सेटिंगमध्ये ऑफसेट असतो, तो सरकवून गाणं जुळवता येतं. पण दाबल्यावर जो टक आवाज येतो तो तरीही उशिराच येणार, त्याला ऑफसेट काही करू शकत नाही, आणि हात त्या टकवरच सावरत असतो. त्यामुळे वायरचा इअरफोन घे, बाजारात दीडशेचा चालेल. विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये पॉइंटर प्रिसिजनची टिक काढ, नाहीतर हात तेवढाच हलवूनही कर्सर कधी इथे कधी तिथे.

कणीक_आणि_शाई
वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण एवढ्याने 4 स्टार होणार नाही हे पण सांगतो. मी भजनात पखवाज वाजवतो, ओसूत ताइको मोड, म्हणजे ढोल वाजवायचा प्रकार, खेळतो, मधल्या दोन बटणांवर लाल म्हणजे डॉन, बाहेरच्या दोनवर निळा म्हणजे काट, आपला धुम आणि ता समज. आमच्या बुवांनी पहिला महिनाभर हात लावूच दिला नव्हता, बोल तोंडाने म्हणायचे, मांडीवर टाळी. वैताग यायचा. आता मी नवीन मॅप आला की एकदा नुसतं बघतो आणि तोंडाने म्हणतो, मग हाफ टाइम, म्हणजे गाणं हळू करायची सोय, लावून 0.75 च्या लयीत, मग खरा. बोटं आखडत असतील तर तू जोरात दाबतोयस, ढोलाची सवय. पखवाजासारखी कीबोर्डाला कणीक लावायची नसते रे 😄

ऑफसेट_भाऊ
@कणीक_आणि_शाई ताइकोला ठीक आहे, स्टँडर्डला, म्हणजे हा खेळतो त्या गोलांच्या प्रकाराला, हाफ टाइम मला नाही पटत. लय कमी झाली की गोल पण जास्त वेळ स्क्रीनवर राहतात, एआर म्हणजे गोल किती आधी दिसतो तो आकडा, एआर 5 ला एक गोल 1200 मिलिसेकंद आधी दिसतो, एआर 9 ला 600. नवीन माणसाला वाटतं जास्त वेळ म्हणजे सोपं, पण दाट मॅपमध्ये दहा-बारा गोल एकमेकांवर चढून बसतात आणि कुठला आधी तेच कळत नाही. 3.3, 3.5 असे मधले मॅप शोध, आणि एकच मॅप वीस वेळा नको, वीस मॅप एकेकदा.

कणीक_आणि_शाई
वीस मॅप एकेकदा म्हणजे सगळे ठेके येतात पण एकही धड नाही 🙏 असो, ज्याची त्याची तालीम.

मालवणी_मसालो
माका वाटला कोणी शिमग्याच्या ढोलाबद्दल इचारता म्हणून धावत इलंय. हंय तर गोल दाबतत. आमच्या झिलाक दाखवतंय ह्या, तो पण रात्रभर कायतरी टकटक करता, मी समाजलंय अभ्यास करता.

पालखीवाला_गुहागर
अपडेट. इअरफोन घेतला, 120 ला. पहिल्या दिवशी अ‍ॅक्युरसी 84!! डोकंच फिरलं, भाऊंना शिव्या घालायला इथे आलो होतो खरं सांगतो. मग एरर बार बघितला तर रेघा सगळ्या डावीकडे. सहा महिन्यांत उशीर भरून काढायला मी नकळत आवाजाच्या आधी दाबायला शिकलो होतो, ते पण अर्धवट. चार दिवस 2 स्टारचे बालवाडी मॅप खेळलो, तोंडाने म्हणत (आई विचारून गेली बरा आहेस ना). काल एका 3.4 वर 94.6 आले, रेघा मध्यभागी पण अजून पसरलेल्या आहेत, लाइट गेली नसती तर आणखी एकदा बघितलं असतं. हाफ टाइमचं तुमचं तुम्ही ठरवा, मी दोन्ही करून बघतोय. @मालवणी_मसालो झिलाला आयडी विचारा, एकत्र खेळू.