पृथ्वी सपाट की गोल? आधी आकडा, मग निरीक्षण : अनुभव धागा

पृथ्वी सपाट आहे असं ठासून सांगणाऱ्यांशी वाद निघाला की बहुतेक जण उपग्रहांचे फोटो पुढे करतात. समोरचा ‘ते बनावट आहेत’ म्हणतो आणि बोलणं खुंटतं. म्हणून इथे उपग्रहांचे फोटो नकोत. स्वतःच्या हातांनी करता येतील अशी मोजमापं हवीत. सर्वेक्षण, आकाशनिरीक्षण, छायाचित्रण यांतल्या जाणकारांनी आपापल्या कामातलं एकेक निरीक्षण नीट उलगडून लिहावं: साधन कोणतं, गोल पृथ्वी कोणता आकडा सांगते, सपाट पृथ्वी कोणता, आणि मोजताना गल्लत कुठे होते. अट एकच, दोन्ही आकडे निरीक्षणाआधी काढलेले असावेत. नंतर काढलेला आकडा हवा तसा वाकवता येतो.

काठीची सावली

प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, इजिप्तमधल्या सायीन (आजचं अस्वान) इथे माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर होता आणि अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला होता. ७.२ अंश म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन शहरांतलं अंतर ५,००० स्टेडिया (त्या काळचं अंतराचं माप), म्हणून परीघ अडीच लाख स्टेडिया. यावर सपाटवाले एक हरकत घेतात आणि ती रास्त आहे: सूर्य लहान आणि जवळ असेल, तर सपाट जमिनीवरही दोन सावल्या वेगळ्या पडतील. खरं आहे. दोन ठिकाणांवरून निकाल लागत नाही. तिसरं, चौथं ठिकाण लागतं.

विषुवदिनी (दिवस-रात्र जवळपास सारखी असते तेव्हा, २० मार्च किंवा २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास) हिशेब सोपा होतो. माध्यान्ही सूर्य माथ्यापासून जितका ढळलेला दिसतो, तितकाच तुमचा अक्षांश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. आता जमीन सपाट धरून सूर्याची उंची काढा, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर भागिले कोनाचा टॅन. १५ अंशांवरून उंची येते सुमारे ६,२०० किलोमीटर, ३० अंशांवरून ५,८००, ४५ वरून ५,०००, ६० वरून ३,८५० आणि ७५ वरून जेमतेम २,२००. एकच सूर्य, एकच दिवस आणि पाच उंच्या. तीच मोजमापं गोलावर बसवा, पाचही ठिकाणांहून त्रिज्या ६,३७० किलोमीटरच्या आसपास येते.

मोजताना घड्याळातल्या बारावर विसंबू नका, स्थानिक माध्यान्ह त्याच्या बरंच आधी किंवा नंतर असू शकतं. अंदाजित वेळेच्या अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी खूण करा, सर्वांत आखूड सावली घ्या. काठी ओळंब्याने उभी करा. ती एक अंश कलली तर उत्तर १११ किलोमीटरने चुकतं. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक सेंटीमीटरभर पुसट असतं. काठीच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटर भोकाची पत्र्याची चकती आडवी बसवा. सावलीत प्रकाशाचा ठिपका पडतो, त्याचा मध्य मिलिमीटरभर अचूकतेने टिपता येतो. काठीची उंची मात्र भोकापर्यंत धरा.

मावळता सूर्य

वरच्याच हिशेबातला ५,००० किलोमीटर उंचीवरचा सूर्य घेऊन पुढे जाऊ. सपाट नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी असतो आणि विषुववृत्त हे त्याच्याभोवतीचं १०,००० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. विषुवदिनी सूर्य या वर्तुळावरून फिरतो. विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसापासून तो पाव फेरी पुढे गेला, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी, सरळ अंतर होतं सुमारे १४,१०० किलोमीटर. कोन काढला तर सूर्य क्षितिजाच्या १९ अंश वर असायला हवा. मध्यरात्री तो २०,००० किलोमीटरवर, तरीही १४ अंश वर. या मांडणीत सूर्य मावळतच नाही, आणि ‘लांब गेल्यामुळे दिसेनासा होतो’ म्हणणं टिकत नाही, कारण प्रत्यक्षात बिंब खालच्या कडेपासून कापलं जात बुडतं.

दिशाही चुकते. विषुवदिनी सूर्य जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतो. सपाट नकाशात मात्र विषुववृत्तावरून तो ईशान्येला, पूर्वेपासून ४५ अंश ढळून उगवायला हवा. एवढा फरक साध्या होकायंत्रालाही कळतो.

तिसरी गोष्ट आकार. दुपारी ५,००० किलोमीटरवरचा सूर्य संध्याकाळी १५,००० किलोमीटरवर गेला, तर बिंब एक-तृतीयांश व्हायला हवं. हे मोजायला सूर्याकडे बघावंही लागत नाही. छोट्या आरशावर कागद चिकटवा, कागदाला पाच मिलिमीटरचं गोल भोक पाडा आणि कवडसा दहा मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर टाका. बिंबाचा व्यास अंतराच्या सुमारे १०८व्या भागाइतका, म्हणजे ९३ मिलिमीटर येतो. भोकामुळे कडा पाचेक मिलिमीटर पसरट असते, तिचा मध्य धरा. भिंत कवडशाला काटकोनात हवी, नाहीतर लंबगोल पडतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अंतर तेच ठेवा, व्यासही तोच येतो. क्षितिजाला अगदी टेकलेलं बिंब अपवर्तनामुळे (हवेतून येताना प्रकाश वाकल्यामुळे) वरून-खालून दाबलं जातं, कधीकधी सहाव्या भागाने. तेव्हा फक्त आडवा व्यास मोजा. कॅमेऱ्याने करायचं असेल तर सूर्यासाठीचा फिल्टर भिंगाच्या पुढे लावा. फिल्टरशिवाय घेतलेल्या चित्रफितीत दिसतो तो झगमगाटाचा आकार. तो खरंच कमी होत जातो, आणि ‘सूर्य लहान होतो’ हा दावा तिथूनच आलेला आहे.

जहाज, झूम आणि लपलेली उंची

दूर गेलेलं जहाज झूम केल्यावर परत दिसतं, हे बरोबर आहे. ते क्षितिजाच्या अलीकडे होतं, फक्त बारीक झालं होतं. जे क्षितिजापलीकडे गेलं त्याचा बुडालेला भाग कितीही झूम केला तरी वर येत नाही. तेव्हा अंतर ठाऊक असलेली, उंची ठाऊक असलेली वस्तू निवडा: दीपगृह, चिमणी, मनोरा.

सूत्रं दोनच. क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये = ३.८६ × √डोळ्याची उंची मीटरमध्ये. यात हवेतलं सरासरी अपवर्तन धरलेलं आहे, नुसत्या भूमितीला ३.५७ घ्या. वस्तूच्या अंतरातून हे वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा आणि १४.९ ने भागा (नुसत्या भूमितीला १२.७४ ने). ही लपलेली उंची मीटरमध्ये.

कॅमेरा पाण्यापासून २ मीटरवर, वस्तू २० किलोमीटरवर. लपायला हवेत सुमारे १४ मीटर. कॅमेरा २० मीटरवर नेला की अर्धा मीटर. दोन्ही फोटो एकाच भिंगाने, तासाभराच्या आत घ्या. पाणी सपाट असतं तर कॅमेरा वर नेल्याने मनोऱ्याचे खालचे तेरा-चौदा मीटर उघडे पडले नसते. मला विचाराल तर एवढ्या कमी साधनांत इतका स्पष्ट निकाल देणारा दुसरा प्रयोग नाही.

सपाटवाल्यांच्या चित्रफितींत ‘मैलांचा वर्ग गुणिले आठ इंच’ हे सूत्र सर्रास दिसतं. डोळा थेट पाण्याच्या पातळीवर असेल तरच ते लपलेली उंची सांगतं. वरच्या उदाहरणात ते ३१ मीटर सांगेल, दिसतील १४ लपलेले, आणि मग ‘बघा, वक्रता निम्मीच’ असा निष्कर्ष निघेल. मेख इथे आहे.

अपवर्तनाबद्दल थोडं जास्त

वर ‘सरासरी अपवर्तन’ म्हटलंय. पाण्यालगत ते सरासरी फार क्वचित असतं. थंड पाण्यावर उबदार हवा असली की प्रकाश जास्त खाली वाकतो आणि लपलेलं दिसायला लागतं. उबदार पाण्यावर थंड हवा असली की उलट: वस्तूचा तळ गायब होतो आणि वरच्या भागाची उलटी प्रतिमा खाली चिकटते. अशी प्रतिमा दिसली तर त्या फोटोवरून मोजमाप करू नका. पाण्याचं आणि हवेचं तापमान टिपून ठेवा, दिवसभरात तीन-चार वेळा तोच फोटो घ्या. लपलेली उंची तासागणिक बदलताना दिसली तर कारण हवेत आहे, कारण जमीन काही हलत नाही.

इंग्लंडमधल्या ओल्ड बेडफर्ड नदीच्या सहा मैलांच्या सरळ पट्ट्यावर सॅम्युअल रोबॉथमने १८३८मध्ये पाण्यापासून वीसेक सेंटीमीटरवर डोळा ठेवून पृथ्वी सपाट ठरवली. अपवर्तन सर्वांत बेभरवशाचं असतं ते नेमकं त्या थरात. १८७०मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने तिथेच ५०० पौंडांची पैज स्वीकारली, पण दृष्टिरेषा पाण्यापासून सुमारे चार मीटर वर घेतली आणि दोन टोकांच्या मधोमध त्याच उंचीची तिसरी खूण उभारली. मधली खूण दुर्बिणीतून वर उचललेली दिसली. भूमितीने ती १.८ मीटर वर यायला हवी, सरासरी अपवर्तन धरलं तर दीडेक मीटर. दोन बदल, उंच रेषा आणि मधली खूण. आजही लेझर घेऊन प्रयोग करणारे हे दोन्ही विसरतात. शिवाय लेझरची शलाका काही किलोमीटरवर चांगली मोठी पसरते, तिच्या ठिपक्याच्या कडेवरून उंची ठरवायची नसते.

लेव्हलिंगच्या कामातून

‘सर्वेक्षणात वक्रता धरतच नाहीत’ असं वारंवार ऐकू येतं. धरतात. वक्रता आणि अपवर्तन मिळून दुरुस्ती ०.०६७३ × अंतराचा वर्ग इतकी असते, अंतर किलोमीटरमध्ये, उत्तर मीटरमध्ये. १०० मीटरला ०.७ मिलिमीटर, ३०० मीटरला ६, ४०० मीटरला जवळजवळ ११. लेव्हल (आडवी दृष्टिरेषा देणारी दुर्बीण) दोन स्टाफच्या (मापाच्या उभ्या पट्ट्यांच्या) मधोमध ठेवून बॅकसाइट (मागच्या स्टाफचं वाचन) आणि फोरसाइट (पुढच्या स्टाफचं) सारख्या अंतराच्या घेतल्या की ही दुरुस्ती आपोआप कटते. रोजच्या कामात ती दिसत नाही ती यामुळे.

मुद्दाम बघायची असेल तर एका रेषेत १००, २००, ३०० आणि ४०० मीटरवर खुंट्या मारा. आधी तीस-तीस मीटरच्या समतोल साइट घेत सगळ्या खुंट्यांच्या खऱ्या पातळ्या काढा. मग लेव्हल एका टोकाला लावून चारही खुंट्यांवर स्टाफ वाचा. दूरचं वाचन असायला हवं त्याहून जास्त येतं. कोणी म्हणेल, यंत्राची दृष्टिरेषाच तिरकी असेल. असू शकते. पण तो दोष अंतराच्या पटीत वाढतो: १, २, ३, ४. वक्रता वर्गाच्या पटीत: १, ४, ९, १६. चार वाचनं आलेखावर मांडली की दोन्ही वेगळे काढता येतात. दृष्टिरेषा जमिनीपासून दीड मीटर तरी वर ठेवा आणि ढगाळ दिवस निवडा. तापलेल्या जमिनीवर प्रकाश उलटा, वरच्या बाजूला वाकतो, शिवाय स्टाफवरचे आकडे थरथरतात. ४०० मीटरवर मिलिमीटर वाचता येत नाहीत, तिथे सरकती लक्ष्यपट्टी लागते.

त्रिकोणांचंही तसंच. मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त येते, दर १९७-१९८ चौरस किलोमीटरमागे एक विकला (अंशाचा ३,६००वा भाग). जर्मन गणितज्ञ गाउसने मोजलेल्या होहेनहागेन-ब्रोकेन-इन्सेल्सबर्ग या तीन डोंगरांच्या त्रिकोणाच्या बाजू सुमारे ६९, ८५ आणि १०७ किलोमीटर. तिथे जादा कोन जवळपास १५ विकलांचा होतो.

दोन ध्रुव, दोन फिरती आकाशं

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची (अंशांत) म्हणजे अक्षांश. कोनमापकाच्या सरळ कडेला नळी चिकटवा, मध्यबिंदूला ओळंबा बांधा, नळीतून तारा बघा. तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर असल्याने तेवढी चूक गृहीत धरा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेल्यावर तो क्षितिजाखाली जातो. सपाट तबकडीवर तो कुठूनही वरच दिसायला हवा.

त्याहून भक्कम मुद्दा दक्षिणेचा. दक्षिण अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया, तिन्हीकडे रात्री दक्षिणेला तोंड केलं की तारे एकाच बिंदूभोवती, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि तारेही तेच. सपाट नकाशात या तिघांच्या ‘दक्षिण’ दिशा एकमेकींपासून फाकत बाहेर जातात. तिघांना समोर एकच तारा दिसायची सोयच नाही. ताऱ्यांच्या रेघा टिपायला रुंद भिंग, पक्का ट्रायपॉड, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८००, दर फोटो २०-३० सेकंद, सलग तासभर. रेघ १५ अंशांची येते. कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा, नाहीतर रेघा तुटक येतात.

विमानं, थोडक्यात

सिडनी ते सांतियागो थेट विमान सुमारे ११,३०० किलोमीटर, साधारण १२ ते १४ तासांत जातं. सपाट नकाशात हेच अंतर २५,००० किलोमीटरच्या वर भरतं, म्हणजे ताशी जवळपास २,००० किलोमीटरचा वेग. प्रवासी विमानं ताशी ९०० च्या आसपास उडतात. खिडकीतून वक्रता शोधू नका. दहा किलोमीटरवरून ती फार थोडी असते, आणि भिंगाची विकृती तिच्यापेक्षा जास्त असते.

चंद्रग्रहण

पृथ्वीच्या सावलीची कड नेहमी वर्तुळाचा तुकडा असते, हा ॲरिस्टॉटलचा युक्तिवाद. तबकडीची सावलीही गोल पडेल, पण फक्त प्रकाश तिच्यावर सरळ पडला तरच. ग्रहण चंद्र उगवताना लागलं तर त्या जागी प्रकाश तबकडीला जवळजवळ कडेने लागतो, सावली पट्टीसारखी व्हायला हवी. म्हणून एक ग्रहण क्षितिजाजवळचं आणि एक डोक्यावरचं, दोन्ही टिपा. खंडग्रास टप्प्यात कडेवर तीन बिंदू घ्या, लंबदुभाजक काढा, वर्तुळ पुरं करा. सावली चंद्राच्या सुमारे २.६ ते २.७ पट येते. उपच्छायेमुळे (मुख्य सावलीभोवतीच्या फिकट सावलीमुळे) कड पुसट असते, त्यामुळे वीसेक मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या तीन-चार फोटोंची सरासरी घ्या.

कधीकधी ग्रहण लागलेला चंद्र आणि सूर्य दोघंही क्षितिजावर एकाच वेळी दिसतात. ‘मग मध्ये पृथ्वी कशी?’ हा प्रश्न विचारला जातो. क्षितिजालगत अपवर्तन दोघांनाही सुमारे ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचलतं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या व्यासाहून किंचित जास्त. हे दृश्य त्यामुळे मोजकी मिनिटं टिकतं. सपाट मांडणीत सूर्य आणि चंद्र दोघंही कायम जमिनीच्या वरच असतात, त्यामुळे जमिनीची सावली चंद्रावर पडायला तिथे वाटच उरत नाही.