तार बारीक केली तरी उत्तर तेच का येतं?

प्रश्न
तांब्याच्या तारेला पीळ देण्याचं गणित मी फायनाइट एलिमेंटने (वस्तूचे छोटे तुकडे पाडून संगणकावर) करते आहे. एक तार १७० मायक्रॉन व्यासाची, दुसरी १२ मायक्रॉनची. टॉर्कला (पिळायला लागणाऱ्या जोराला) त्रिज्येच्या घनाने भागून पृष्ठभागावरच्या स्ट्रेनसमोर (मूळ मापाच्या तुलनेतल्या आकारबदलासमोर) आलेख काढला, तर दोन्ही रेषा तंतोतंत एकमेकींवर बसतात. पण १९९४ मध्ये फ्लेक आणि सहकाऱ्यांनी याच मापांच्या तारा पिळल्या, तेव्हा बारीक तार त्या हिशेबाने जवळपास तिप्पट भक्कम निघाली. मेश (त्या तुकड्यांची जाळी) कितीही बारीक केला तरी फरक पडत नाही. घोडं अडतंय कुठे?

उत्तर १
मेशला दोष देऊ नका. तुमच्या प्लॅस्टिसिटीच्या (कायमच्या आकारबदलाच्या) नियमात स्ट्रेस (क्षेत्रफळामागचं बल) आहे, स्ट्रेन आहे, लांबी मात्र नाही. तार केवढी आहे हे त्याला कळणार कसं? धातूकडे स्वतःची मोजपट्टी असते: बर्गर्स व्हेक्टर, म्हणजे एका डिसलोकेशनमुळे (अणूंच्या रांगांमधल्या रेषेसारख्या दोषामुळे) जाळी जेवढी सरकते ते अंतर, तांब्यात ०.२५६ नॅनोमीटर.

पिळलेल्या तारेत अक्षावर स्ट्रेन शून्य, पृष्ठभागावर सर्वांत जास्त. हा चढ स्फटिकाच्या जाळीत बसवायचा तर जादा डिसलोकेशन लागतातच. नाय यांनी १९५३ मध्येच त्याचं गणित मांडलं. या जादा डिसलोकेशनची घनता साधारण स्ट्रेन भागिले बर्गर्स व्हेक्टर आणि त्रिज्येचा गुणाकार. पृष्ठभागावर १० टक्के स्ट्रेन धरा: बारीक तारेत चौरस मीटरमागे सुमारे ६.५ × १०¹³, जाड तारेत ४.६ × १०¹². चौदापट! ही डिसलोकेशन एकमेकांची वाट अडवतात, म्हणून बारीक तार पिळायला जड. या विषयातला इतका देखणा हिशेब मला दुसरा माहीत नाही.

उत्तर २
मग सरळ अणूच का मोजू नयेत?

उत्तर १ (पुन्हा)
घन मायक्रॉनमध्ये तांब्याचे साधारण ८.५ × १०¹⁰ अणू असतात. १२ मायक्रॉन तारेचा तेवढ्याच लांबीचा तुकडा घेतला तरी आकडा १०¹⁴ च्या वर जातो, आणि वेळेची पायरी फेम्टोसेकंदांची. अणूंच्या पातळीवरून डिसलोकेशन किती सहज सरकतं तेवढं घ्या आणि ते वरच्या मॉडेलला द्या.

तुमच्यासाठी स्ट्रेन ग्रेडियंट प्लॅस्टिसिटी, म्हणजे स्ट्रेनचा चढही (ग्रेडियंट) हिशेबात घेणारा नियम, पुरेल. तिच्यातली लांबी काही मायक्रॉनची निघते आणि बहुधा प्रयोगाशी जुळवूनच ठरवावी लागते. बर्गर्स व्हेक्टरपासून तिथवर पोचणारा पक्का रस्ता अजून नाही, आणि मला हेच खटकतं. शिवाय पृष्ठभागावर जादा सीमा-अट लागेल: डिसलोकेशन बाहेर पडू शकतात की नाही?

मॉडेल बदललंत की त्याच तारा ताणूनही पाहा. ताणात चढ नसतो, आणि प्रयोगातही तिथे व्यासाचा फरक नगण्यच होता. तुमच्या मॉडेलने तिथेही तिप्पट दाखवलं, तर ग्रेडियंटची संज्ञा चुकीच्या जागी बसली आहे.