मदत हवी आहे: आवडत्या वादकाचं सिग्नेचर मॉडेल घ्यावं का? (बेस)

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं बेस गिटार वाजवते. सुरुवातीपासून एकच वाद्य हातात आहे, साधा प्रिसिजन बेस. त्याच्यावर माझा जीव आहे. पण गेल्या काही महिन्यांपासून तासभर वाजवलं की डावं मनगट दुखायला लागतं आणि करंगळी ओढल्यासारखी होते. माझे हात लहान आहेत. पहिल्या तीन-चार फ्रेट्सवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) बोटं पार ताणावी लागतात.

म्हणून बारीक नेकचा (डाव्या हाताने धरतो त्या दांड्याचा) बेस शोधते आहे, आणि फिरून फिरून फेंडरच्या गेडी ली जॅझ बेसपाशी येऊन थांबते. हे सिग्नेचर मॉडेल, म्हणजे कंपनीने वादकाच्या नावाने काढलेलं वाद्य. गेडी लीचा रश हा रॉक बँड ऐकतच मी बेसकडे वळले. तो गातो, की-बोर्ड वाजवतो, पायाने पेडल्स दाबतो आणि या सगळ्यात त्याची बेसलाइन तसूभर हलत नाही, हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी गिटार सोडून बेस घ्यायचं ठरवलं. त्यामुळे या वाद्याकडे मी तटस्थपणे बघू शकत नाही, आणि माझी खरी अडचण हीच आहे. नेक मला आवडतो आहे की नाव, हे मलाच कळेनासं झालंय.

आमचा ड्रमर म्हणतो, "दुसऱ्याची सही असलेलं वाद्य घेऊन स्टेजवर कशाला उभी राहतेस? लोक त्याच्याशी तुलना करणार." हे मनाला लागलं, खोटं कशाला बोलू.

तर विचारायचं आहे ते असं. सिग्नेचर मॉडेलमध्ये खरोखर काही वेगळं असतं की नुसती सही? तुमच्यापैकी कुणी घेऊन पस्तावलंय का? त्याच वादकाच्या नावाची स्वस्त आवृत्ती निघते, ती तेच वाद्य असते का? आणि लहान हातांसाठी गेडी लीचा नेक खरंच उपयोगी आहे का? गिटारवाल्यांचे अनुभवही चालतील.

सहावी तार

मी गिटारवाला. पस्तावलो होतो, म्हणून आधी माझं सांगतो.

कॉलेजात असताना एका वादकाच्या वेगाने झपाटलो होतो. त्याच्या सिग्नेचर गिटारचा फ्रेटबोर्ड स्कॅलप केलेला, म्हणजे दोन फ्रेट्समधलं लाकूड खोलगट कोरून काढलेलं. बोट लाकडाला टेकतच नाही, तार नुसती हवेत दाबली जाते. व्हायब्रॅटोला (सूर थरथरवायला) आणि लांब बेंडला (तार बाजूला ओढून सूर चढवायला) हे स्वर्ग आहे. पण मी बँडमध्ये तीन चतुर्थांश वेळ कॉर्ड्स वाजवायचो, आणि माझी पकड घट्ट. जरा जास्त दाबलं की सूर वर चढायचा. प्रत्येक कॉर्ड बेसूर. दोन वर्षं मी ट्यूनिंगला दोष देत होतो.

वाद्यात काहीच खोट नव्हती. ज्याच्यासाठी बनवलं त्याचा स्पर्श पिसासारखा हलका, माझा तसा नव्हता. शेवटी गिटार एका मित्राला दिली. तो ती सुंदर वाजवतो.

तेव्हापासून मी कुठलंही सिग्नेचर मॉडेल बघताना एकच विचारतो. या माणसाला साध्या मॉडेलमध्ये काय खुपत होतं? आणि तेच मला खुपतंय का? तुम्हाला मनगट खुपतंय. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या जागेवरून सुरुवात करता आहात.

जुना फ्रेट

ड्रमरच्या म्हणण्याबद्दल आधी बोलतो, कारण ते मला पटलं नाही.

लेस पॉल हे एका माणसाचं नाव आहे. गिब्सनने १९५२ मध्ये त्याच्या नावाने गिटार काढली, म्हणजे ती सिग्नेचर मॉडेलच. आज जगभरात ती वाजवणाऱ्यांना "तू लेस पॉलची नक्कल करतोस" असं कुणी म्हणतं का? कित्येकांना हा माणूस होता हेसुद्धा ठाऊक नसतं. गंमत बघा, १९६१ मध्ये गिब्सनने त्या गिटारचा आकारच बदलला, दोन शिंगांची पातळ बॉडी आणली. नाव मात्र लेस पॉलच ठेवलं. पुढे कंपनीचा आणि त्यांचा करार संपला, नाव उतरलं आणि तीच गिटार एसजी म्हणून ओळखली जाऊ लागली. लाकूड तेच, पाटी वेगळी.

गिटारवादक एडी व्हॅन हेलनचंही तसंच. म्युझिक मॅनने त्याच्यासोबत गिटार केली, तो पीव्हीकडे गेल्यावर म्युझिक मॅनने तिला अ‍ॅक्सिस असं नाव दिलं आणि ती विकत राहिले. पीव्हीकडे वुल्फगँग झाली, पुढे ते नाव त्याच्या स्वतःच्या ईव्हीएच ब्रँडकडे गेलं. नाव हा कंपनी आणि कलाकार यांच्यातला कागद असतो. तुमचा संबंध वाद्याशी.

एवढंच नाही, सिग्नेचरमधून साध्या गिटारी जन्माला येतात. आयबानेझने १९८७ मध्ये गिटारवादक स्टीव्ह वायसाठी जेम नावाची गिटार केली, आणि त्याच घडणीतून आरजी मालिका आली. आज आरजी वाजवणारी मुलं वायच्या हाताला सोयीचं ठरलेलंच वाद्य वाजवतात, फक्त त्यावर त्याचं नाव नाही.

बेसलाइन

मुख्य प्रश्नाकडे येऊ. इथे एक गैरसमज होण्याची शक्यता आहे.

जॅझ बेसचा नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) साधारण दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद असतो. प्रिसिजनचा त्याहून रुंद, आजच्या बहुतेक मॉडेल्समध्ये ४१ मिलिमीटरच्या आसपास. आता लक्षात घ्या, हा दीड इंच गेडी लीचा नाही, जॅझ बेसचाच आहे. कुठलाही साधा जॅझ बेस घेतला तरी रुंदीतला फरक तुम्हाला मिळणार. गेडी ली मॉडेलचं वेगळेपण नेकच्या जाडीत आहे. मागून पुढे मोजलं तर तो नेहमीपेक्षा पातळ आहे. अंगठा आणि बोटं यांच्यातलं अंतर कमी होतं.

हे काहींना वरदान वाटतं, काहींना नाही. माझ्या हाताला फार पातळ नेक उलटा त्रास देतो. अंगठ्याला मागे काही आधारच मिळत नाही, मग मी नकळत जास्त आवळतो आणि तळव्यात गोळा येतो. म्हणून "पातळ म्हणजे लहान हाताला चांगला" असं सरसकट धरू नका. साधा जॅझ आणि गेडी ली, दोन्ही शेजारी ठेवून किमान अर्धा-अर्धा तास वाजवा. पाच मिनिटांत प्रत्येक नवा नेक छान वाटतो. दुखणं विसाव्या मिनिटाला सुरू होतं.

आणि लांबीचं काय? दोन्ही बेस ३४ इंच स्केलचेच, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी तेवढी. फ्रेट्समधलं अंतर तेच राहणार. तुमची करंगळी ओढली जाते ती या अंतरामुळे, आणि ते कुठल्याही सहीने कमी होत नाही. त्यासाठी ३० इंचाचा शॉर्ट स्केल बघावा लागेल, मस्टँगसारखा. त्यात खालच्या ई तारेचा ताण सैल वाटतो, पण बोटांना फार मोठा फरक पडतो.

आणखी एक विचारू का? पट्टा किती खाली ठेवता? बेस मांडीपाशी लोंबत असेल तर मनगट काटकोनात वाकतं, मग नेक कितीही बारीक असो, दुखणारच. बसून वाजवताना बेस जिथे असतो, उभं राहिल्यावरही तिथेच येईल एवढा पट्टा वर घ्या. आठवडाभर करून बघा. मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखत असेल तर मात्र वाद्य नंतर, आधी फिजिओथेरपिस्ट.

चार तारा

बेसलाइन यांच्याशी सहमत. थोडी भर घालते.

सिग्नेचर घेताना लोक रंग आणि नेक बघतात, आतलं सर्किट विसरतात. खरं वेगळेपण बहुतेक वेळा तिथेच असतं. फेंडरने १९८८ मध्ये एरिक क्लॅप्टनची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर गिटार) काढली, त्यांची ती पहिली सिग्नेचर गिटार. तिच्यात बॅटरीवर चालणारा मिड बूस्ट (मधले सूर वाढवणारं सर्किट) आहे, तब्बल २५ डेसिबलचा. दिसायला साधी स्ट्रॅट, पण तो बूस्ट वर नेला की आवाज जाडजूड होऊन हंबकरच्या (जाड आवाजाच्या पिकअपच्या; पिकअप म्हणजे तारेची कंपनं टिपणारं चुंबक) जवळ जातो. ज्याला पातळ, काचेसारखा स्ट्रॅटचा आवाज हवा त्याच्या ते कामाचं नाही, आणि ज्याला एकाच गिटारवर दोन्ही हवं त्याला सोन्यासारखं.

बेसमधलं सगळ्यात ठळक उदाहरण बेसवादक बिली शीहनचं. त्याने आपल्या जुन्या प्रिसिजनला नेकपाशी एक दुसरा पिकअप बसवला आणि दोन पिकअप्सना दोन वेगळे आउटपुट दिले. एकातून खोल खर्ज, दुसऱ्यातून धारदार डिस्टॉर्शन. यामाहाचा अ‍ॅटिट्यूड बेस त्याच कल्पनेवर उभा आहे. त्रिकुटात वाजवणाऱ्याला हे अफाट आहे. पण दोन चॅनेल सांभाळायची तयारी नसेल तर अर्ध वाद्य नुसतं पडून राहतं.

मी स्वतः बेसवादक मार्कस मिलरच्या नावाचा, सायर कंपनीचा बेस वाजवते, पाच वर्षं झाली. मिलरचा मूळ बेस १९७७ चा जॅझ, त्यात वाद्य-कारागीर रॉजर सॅडोस्कीने प्रीअँप (बॅटरीवर चालणारं, आवाज घडवणारं सर्किट) बसवला होता. ७० च्या दशकातल्या जॅझ बेसमध्ये मागचा पिकअप ब्रिजकडे किंचित सरकवलेला असायचा, त्याने स्लॅपला (अंगठ्याने तार आपटून वाजवण्याला) एक चमक येते. मी स्लॅप शिकत होते, म्हणून मला तो आवाज हवाच होता. प्रीअँप बंद करून पॅसिव्हवर, म्हणजे बॅटरीशिवाय, वाजवता येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कार्यक्रमात बॅटरी गेली तरी गाणं थांबत नाही.

स्वस्त आवृत्तीबद्दल विचारलंत. तेच वाद्य नसतं, पण कमीच असतं असंही नाही. गिटारवादक जॉन मेयरच्या पीआरएस कंपनीच्या सिल्व्हर स्कायचं बघा. मूळ गिटारचा फ्रेटबोर्ड ७.२५ इंच रेडियसचा (रेडियस लहान तेवढी गोलाई जास्त), बराच गोलसर. नंतर आलेल्या एसई आवृत्तीचा ८.५ इंच, थोडा सपाट. वर बेंड करताना ज्यांची तार अडखळते त्यांना दुसराच बरा वाटतो. त्यामुळे नाव एक असलं तरी मापं पुन्हा वाचा.

सहावी तार

चार तारा यांनी छान लिहिलंय. एक राहिलं. कलाकार स्वतः आराखड्यात किती गुंतला होता हे शोधा. जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सनची आयबानेझ जीबी१० १९७७ पासून चालू आहे. जॅझवाल्यांच्या मोठ्या पोकळ गिटारी मोठ्या आवाजात फीडबॅक देतात (स्पीकरचा आवाज पुन्हा पकडून किंचाळतात), म्हणून तिची बॉडी मुद्दाम लहान ठेवली. गायिका-गिटारवादक सेंट व्हिन्सेंटची म्युझिक मॅन २०१६ ची, तिने बॉडीचा आकारच स्वतःच्या अंगाला बसेल असा काढला. अशा गिटारींमागे एक खरी गरज दिसते. याउलट नुसता रंग आणि हेडस्टॉकवर सही असेल तर ते फॅनसाठीचं वाद्य आहे. तेही वाईट नाही, फक्त त्यातून मनगट बरं होण्याची अपेक्षा नको.

जुना फ्रेट

गेडी लीबद्दल एक आठवण करून देतो, तुम्हाला माहीत असेलच. सुरुवातीची कित्येक वर्षं तो रिकनबॅकर कंपनीच्या बेसवर होता, ८० च्या दशकात स्टाइनबर्गरचा, मग वॉलचा, आणि ९० च्या दशकात जॅझ बेस त्याचा मुख्य झाला. तो १९७२ चा जॅझ त्याने अमेरिकेतल्या कॅलामझूमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात घेतला होता. चार अगदी निराळी वाद्यं. तरी दोन सेकंदांत ओळखू येतो, कारण तर्जनीच्या नखाने तार पुढे-मागे छेडायची त्याची ती तऱ्हा. तो आवाज बेसमध्ये शोधू नका. नेक आवडला तर मात्र खुशाल घ्या.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पट्टा वर घेतला. पहिले दोन दिवस आरशात बघवेना, मग सवय झाली. मनगटाचं दुखणं निम्म्याहून कमी झालं. म्हणजे इतके महिने मी माझ्या प्रिसिजनला उगाच बोल लावत होते. करंगळी मात्र अजून ओढली जाते, बेसलाइन म्हणाले तसंच.

ओळखीतल्या एकाकडे गेडी ली आहे, दुसऱ्या एकीकडे साधा जॅझ. दोन्ही एका दुपारी घेऊन बसले. चाळीस-चाळीस मिनिटं, तीच चार गाणी. डोळे मिटून वाजवायचं ठरवलं होतं, म्हणजे गेडी लीच्या नेकवरचे काळे चौकोनी इनले (जडवलेल्या खुणा) दिसायला नकोत. साधा जॅझ बरा वाटला. गेडी लीवर आले आणि डावा हात एकदम शांत झाला, अंगठा कुठे ठेवायचा याचा विचारच करावा लागला नाही. डोळे उघडले तेव्हा रडू येत होतं. ते नावामुळे की नेकमुळे, आता शोधत बसत नाही. विसाव्या मिनिटाला दुखलं नाही आणि चाळिसाव्यालाही नाही.

गेडी लीच्या त्याच मालकाकडून त्याचा वापरलेला बेस घेते आहे. ड्रमरला सांगितलं. तो म्हणाला, आधी ऐकू दे, मग बोलतो.

शेवटचं एक विचारते. माझ्या प्रिसिजनवर मी फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेढ्याच्या) तारा लावते. या बेसच्या मेपल फ्रेटबोर्डवर कुणी फ्लॅटवाउंड वापरल्या आहेत का? मधल्या सुरांची धार फार जाते का, की टोन नॉबवर सांभाळता येते?